कर्ता

इंटर्नशिपचं पत्र दोन ओळींचं होतं,
पगाराच्या जागी छोटी आडवी रेघ.
बेलापूर, सेक्टर अकरा, तिसरा मजला.
खाली झेरॉक्स, आणि ज्याच्याकडे कधीच सुटे नसतात
असा चहावाला.

कॉलेजात आम्ही आकृत्या काढायचो:
संदेश, माध्यम, श्रोता, मधे बाण.
इथे फरझाना मुकादम एका कानाला फोन लावून
माझ्या मसुद्यातले ‘अत्यंत’ खोडत होत्या.
सतरा निघाले.
"विशेषण म्हणजे उधारी गं.
वसुलीला बातमीदार येतो."

धारप सर बत्तीस वर्षं पेपरात काढून
टेबलाच्या या बाजूला आलेले.
चारनंतर डेस्कला फोन करायचा नाही, ते सांगायचे.
वार्ताहराच्या आईची तब्येत विचारायची,
पण उत्तर ऐकायला वेळ असेल तरच.
वडे गरम असले की प्रश्न थंड येतात,
हे साफ खोटं आहे,
तरी वडे गरमच मागवायचे.
आणि बिजू नायरने शिकवलं
की साहेबाला खिडकीकडे पाठ करून उभं केलं
तर फोटोत नुसता सूट येतो.

फेब्रुवारीतला मंगळवार.
रबाळ्याच्या एका रंगाच्या कंपनीतून
रात्री काहीतरी नाल्यात गेलं.
साडेसातला फोन, दहापर्यंत निवेदन हवं.
मी लिहिलं: कंपनीने पाणी सोडलं.

मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला
आणि शाळेतल्या बाईंसारखं विचारलं,
"प्रयोग ओळख."
"कर्मणी. कर्ता तृतीयेत."
"मग तृतीया काढ."
पाणी सोडलं गेलं.
"अजून."
पाणी सुटलं.
"आता कर्ता कोण?"
पाणी.

दहावीत या प्रश्नाला
मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

मॅडम काही खूश दिसल्या नाहीत.
धारप सर खिडकीतून खाली बघत म्हणाले,
"आम्ही काय वेगळं करत होतो?
‘समजते’ असं छापायचो.
कोणाला समजते, कधी विचारलं कुणी?"

चार पेपरांत आलं.
एकात तर माझा स्वल्पविरामसुद्धा शाबूत.
बिजूने कात्रणाचा फोटो काढून दिला,
आणि खोटं कशाला बोलू,
घणसोलीपर्यंत मी तो अकरा वेळा पाहिला.

आत्याच्या ओट्यावर टोपली उपडी होती.
निवट्या धरायला ती खाडीत उतरते,
गुडघाभर चिखलात, भरती-ओहोटी बघून.
त्या दिवशी तिच्या पोटऱ्या निळ्या होत्या,
नीळ जास्त झालेल्या गणवेशासारख्या,
आणि साबणाने काही होत नव्हतं.

तिला वाचता येत नाही.
मी मोठ्याने वाचलं, थांबे घेत,
मॅडमनी शिकवलं तसं.
‘पाणी सुटलं’पाशी तिने हात वर केला,
वर्गात करतात तसा नाही,
रस्त्यात रिक्षा थांबवतात तसा.
"पानी कोनी सोरला, त्या सांग ना."

मी रॉकेलचा बोळा घेतला.
घासत राहिले.
आत्या म्हणाली, "हलू."

दुसऱ्या दिवशी पुढचं निवेदन.
मी पुन्हा ‘कंपनीने’ लिहिलं
आणि कागद मॅडमच्या टेबलावर ठेवून
उगाच स्टेपलरच्या पिना भरत उभी राहिले.

एक ‘अत्यंत’ राहिला होता. खोडला.
तारीख दुरुस्त केली.
मग पेन ‘ने’वर आलं,
टेकलं, शाईचा ठिपका उमटला,
तो थोडा पसरला.
"हे त्यांना आवडणार नाही," मॅडम म्हणाल्या,
मला, किंवा ठिपक्याला.

फोन वाजायला लागला. कंपनीचाच.
धारप सर उठले, परत बसले.
मॅडमनी माझ्या बोटांकडे पाहिलं.
नखांत अजून थोडा निळा होता.
"कुठे राहतेस म्हणालीस तू?"

फोन वाजत होता.
मी सांगितलं.