कामून

सकाळी दहाच्या आत गुणालेसरांना आलेख लागतो.
काल जिल्ह्यानं काय शोधलं
त्यावर उद्याचं पान ठरतं.

जगात जर्मनी, भारतात परभणी, म्हणतो आपण;
पण यादीत परभणी गाठायला
चार टिचक्या माराव्या लागतात.

मी उतरवून घेते:
सोन्याचा भाव, दुपारी अडीचला चढ.
निकाल लागला त्या दिवशी रेघ थेट छताला.
पाथरीकडं बिबट्या, तीन दिवस.
चौथ्या दिवशी बिबट्याचं कुणालाच काही नाही,
तो मात्र असेल तिथंच, उसात.

शंभर म्हणजे शंभर माणसं नव्हेत,
हे सरांना सतरा वेळा सांगून झालंय.
शंभर म्हणजे त्या शब्दाला
आजवर चढलेला सगळ्यात मोठा ताप.
सर म्हणतात, मग तापच छाप.

अख्खा महाराष्ट्र निवडला
तर रात्रीची रेघही दिसते.
दोन वाजले की लोक पुस्तकातली भाषा उतरवून ठेवतात.
झोप कामून येत नाही.
पोरगं कामून बोलंना.
नवरा फोन पालथा कामून ठेवतो.
शाळेत बाईंनी माझ्या वहीत
लाल रेघ मारून खोडलेला शब्द
काचेवर अंगठ्याअंगठ्यानं उगवतोय.

गफूरचाचा, छपाईवर अठ्ठावीस वर्षं,
चिंधीला हात पुसत म्हणाले,
बेटा, देख तर तुझ्या त्या आलेखात,
कानात शिट्टी वाजती, रातीला जास्तीच.
अजून कुणाला होतंय का?
इलाज नव्हता विचारला त्यांनी.

कानात शिट्टी कामून वाजते.
परभणी. मागची पाच वर्षं.
पुरेशी माहिती उपलब्ध नाही.

म्हणजे कुणीच नाही असं नव्हे,
म्हणजे मोजावेत इतके नाहीत.
एवढं लांबलचक वाक्य
डाव्या, त्यातल्या त्यात बऱ्या कानात
ओरडून कसं सांगायचं?

रात्री वसमत रोडच्या खोलीवर
मीच टाइप करत बसले.
एकदा. अकरा वेळा. मग आईच्या फोनवरून.
रेघ जागची हलली नाही.
एकाच माणसानं तेच तेच विचारलं
तर ते धरत नाहीत म्हणे.

सकाळी यंत्र चालू होतं.
मी मान हलवली, आहेत, चाचा.
किती, त्यांनी भुवईनं विचारलं.

मी दोन बोटं वर केली.