पाणी किती फूट

पिठल्या गेला पहाटे, शेगडीपाशी,
जिथं झोपायला त्याला मनाई होती.
आईंनी कानात णमोकार म्हटला तीनदा,
मग चष्मा लावून बघितलं
आणि चौथ्यांदा म्हटला,
कान गार पडला होता तरी.

अण्णा खुर्चीतूनच म्हणाले, गेला तो.
जीव ज्या क्षणी निघाला
त्याच क्षणी दुसरीकडे पोचलासुद्धा.
आता पडलंय ते पुद्गल.
त्याला सुतक नाही, सोहळा नाही.
आंघोळी करा, दुकान उघडा.

महापालिकेत फोन लावला.
पोत्यात बांधून गेटबाहेर ठेवा,
अकराच्या गाडीला उचलतो.
कुत्रं का डुक्कर?
वहीत लिहावं लागतंय.

पद्मजावन्सं पुण्याहून, व्हिडिओवर, डोळे सुजलेले :
इथं भट्टी आहे त्यांच्यासाठी वेगळी,
पावती देतात, राख देतात मडक्यात,
पंजाचा ठसा घेऊन देतात,
तुम्ही फक्त बर्फात घालून आणा.
आम्ही बर्फाचा भाव विचारला.
खरंच विचारला.

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
आमच्या मालकीची माती म्हणजे
कढीपत्त्याच्या दोन कुंड्या.
मग ह्यांना हरिपूरचा तो तुकडा आठवला,
अण्णांच्या अडतीची पेवं होती तिथला,
पाच सालच्या पुरात खचलेली.
खड्डा घ्यायचा म्हणजे, अण्णा म्हणाले,
मातीतले किती जीव मारणार, हिशोब आहे?
आर्जव नऊ वर्षांचा. म्हणाला,
मी हळू खणेन.

खणलं शिवदासनं.
पाच किलो मीठ आणा, खडा मीठ, पुडीतलं नको.
कुदळ थांबवून कधी, कधी न थांबवता
बोलत होता, आमच्यातल्या कुणाकडं न बघता :
आमच्या आज्ज्यानं जन्मभर
ह्या पट्ट्यातली मेलेली जनावरं वढली.
पुर, असं कुणी म्हणालं न्हाई त्याला.
वढ, म्हणायची.
पुरणं म्हंजे त्याला वाटायचं,
चांगलं कातडं मातीत घातलं.

हे उगीच मिठाची पिशवी फोडत राहिले,
फोडून झाली होती ती.

दोन हात खाली माती पिवळी लागली.
हळदीनं पिवळी का मुळातच,
सांगता येईना.
तोंड कुठं करायचं, शिवदासनं विचारलं.
कुणालाच ठाऊक नव्हतं.
नदीकडं केलं, तिकडूनच तर आला होता,
एकोणीसच्या पुरात, गावभागातल्या घरी,
जिन्याच्या सातव्या पायरीवर,
पोहून पोहून पिठल्यासारखा लिबलिबीत.
आर्जवनं चेंडू टाकला
आणि परत काढून घेतला.
जमीन कडक निघाली म्हणून
शिवदासनं पन्नास जास्त मागितले.
दिले.

दिवस मावळायच्या आत जेवताना
अण्णा मधेच म्हणाले,
पेव उघडलं की आधी कंदील सोडायचा आत.
विझला, तर माणूस उतरवायचा नाही.
कुणी काही विचारलेलं नव्हतं.
मग, किती खोल घेतलं?
कमरेइतकं.
बरं.

हे सगळं माघातलं.
आता श्रावण, कोयनेचे दरवाजे उघडलेत.
हरिपुरात आमचं कुणी राहत नाही.
अडत बुडाली, भागीदार वारला,
तिथल्या कुणाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा येत नाही.
तरी अण्णा सकाळी विचारतात,
आयर्विनला किती फूट?
अडतीस.
दुपारी, किती?
एक्केचाळीस, अण्णा. आपल्याकडं येत नाही पाणी.
ते नव्हे. हरिपुरात शिरलं का?

अंधार पडल्यावर अण्णा पाण्याला शिवत नाहीत.
तरी रात्री दोनला स्वयंपाकघरात दिसले,
भिंत धरून, दिवा न लावता.
शेगडीपाशी आले
आणि धोतर सावरत, पाय उंच उचलून
काहीतरी ओलांडून पुढं गेले.
फरशी मोकळी होती.
मी जागी आहे हे त्यांना कळलं असावं.
आता किती झालं, म्हणाले.