शाळा सोडल्याचे कारण

शनिवारी रात्री सातवी ‘ब’ला कुणीतरी काडी लावली.
पोलीस आले, चहा प्याले, म्हणाले,
शाळेचं कुणाशी वैर होतं का?
मी शिपाई माणूस. म्हणालो,
असेल तर एकोणतिसाच्या पाढ्याशी.
ते हसले नाहीत. लिहूनही घेतलं नाही.

सोळा बाक गेले.
महाराष्ट्राचा नकाशा चंद्रपूरकडून पेटला,
धाराशिवपाशी विझला.
आपला जिल्हा वाचला म्हणून पोरांनी टाळ्या पिटल्या.
पृथ्वीचा गोल पेटला नाही, नुसता मऊ झाला
आणि दक्षिणेकडून स्टुलावर ओघळला.

भिंतीपलीकडे ऑफिसात लोखंडी कपाट तापलं होतं.
आत जनरल रजिस्टर, अठ्ठावन्न सालापासूनचं,
कडा भाजलेल्या पापडासारख्या.
सोमवारीच राजम्मा गुंडला आल्या,
जन्म विड्या वळण्यात गेलेला,
आता पेन्शनला जन्मतारीख पाहिजे.
मी श्वास रोखून पान उलटलं.
तारीख होती.
जन्मगावाच्या जागी भोक.
‘गाव जाऊ दे,’ त्या म्हणाल्या,
‘ते मी तरी कुठं पाहिलंय.’

महापालिकेचे साहेब म्हणाले, भिंत दोन फूट वाढवू,
वर काचा लावू.
म्हमाणे बाई म्हणाल्या, काचा नकोत साहेब,
चेंडू आणायला पोरं तिथूनच चढतात.
मग चार कॅमेरे बसले.
दोघांना वायर आहे.

तेव्हापासून राखण आमची आम्हीच करतो.
तिसऱ्या पाळीला जाणारे लूमवाले
फाटकाची कडी वाजवून जातात,
मी आतून काठी आपटतो: आहे, जागा आहे.
पलीकडच्या गल्लीतल्या बाया सुपं घेऊन व्हरांड्यात येतात,
घरापेक्षा इथं उजेड बरा म्हणतात.
मांडीवर पान, तंबाखू, दोरा.
एवढ्या विड्या, आणि काडी एकीकडेही नाही;
बाईंनी पहिल्याच दिवशी पदर झटकून घेतले सगळ्यांचे.
सकाळी प्रार्थनेला उभी पोरं शिंकतात.

आणि साईकिरण म्याकल.
सोळाचा असेल. कारखान्यात कांड्या भरतो.
रोज रात्री रस्त्यापलीकडे सायकल टेकवून उभा.
एप्रिलचा महिना, सोलापूरचं ऊन रात्रीही भिंतीतून निघतं,
आणि याच्या अंगात पूर्ण बाहीचा शर्ट,
उजव्या मनगटापर्यंत बटण लावलेलं.

मी पाहिलं. बोललो नाही.
चौथ्या की पाचव्या रात्री म्हणालो,
काय बे, पाणी पितोस?
आला. नळापाशी वाकला.
पाण्याला अजून काजळीचा वास येतो.
तोंड न पुसता विचारलं,
‘मामा, ते मोठं रजिस्टर जळलं का?’
नाही.
‘माझं नाव?’
आहे.
‘आणि शेवटचा रकाना? कारणाचा?’

तो रकाना मला पाठ आहे, मीच पुसून ठेवतो कपाट.
सतत गैरहजर, असं लिहिलंय.
बाप वारला त्या वर्षी
हा त्याच्या जागी उभा राहिला मागावर,
ते लिहायला रकान्यात जागा नव्हती
किंवा लिहिणाऱ्याला वेळ नव्हता.
त्याच्या अलीकडे वर्तणूक: चांगली.
ती आम्ही सगळ्यांचीच चांगली लिहितो.

हे मी त्याला सांगितलं की नाही
ते आता मलाही नीट आठवत नाही.
पोलिसांना सांगितलं नाही, हे आठवतं,
आणि त्याची झोप मला अजून लागत नाही.
सोळा बाक म्हणजे बत्तीस पोरं.
ती पोरं सध्या पोत्यावर बसतात.

दुसऱ्या रात्री तो आला, हातात पान्हा, खिशात खिळे,
म्हणाला, मागाचं लाकूड काम थोडं येतं.
मी कुलूप काढलं नाही.
काठी मात्र त्याच्या हातात दिली
आणि म्हणालो, बाराचे लूमवाले कडी वाजवतील,
तेव्हा आपट.

वाजली कडी.
त्यानं फार जोरात आपटली.
बायांनी सुपावरून माना वर केल्या.