चौथा रकाना

कुपवाड रस्त्यावर, हळदीच्या गोदामाच्या वर आमचं ऑफिस.
कीबोर्ड दर शनिवारी पुसतो,
तरी एंटरवर पिवळं बोट उमटतंच.

मुलाखतीच्या कागदाला चार रकाने:
कोडिंग. बोलणं. पगाराची अपेक्षा.
चौथ्याला छापील नाव नाही.
खोब्रेकर सर तिथं पेन्सिलीनं लिहितात: टिकेल का?
मुलांच्या कागदावर लिहायचं विसरतात.

बारा वर्षांपूर्वी माझ्याही कागदावर असणार.
"इतक्यात विचार नाही, सर," म्हणाले होते मी.
साखरपुड्याची अंगठी डब्यात होती,
पोळीच्या खाली.

नाझनीन मुजावर, मिरज.
दिलेला प्रोग्राम तिनं चालवलाच नाही.
नुसता वाचला, खालून वर, मान एका बाजूला कलती.
"एकोणचाळिसाव्या ओळीत," म्हणाली,
"वेळ दोनदा मोजलीय."
ती चूक आम्ही मुद्दाम पेरलेली नव्हती.
आठ महिने गिऱ्हाइकाकडे चालू होती.

कुठं शिकलीस गं असं वाचायला?
वडील तंबोरे करतात. जवारी लावताना
तारेखाली दोरा सरकवतात,
केसभर, परत केसभर,
सूर उघडेपर्यंत.
"आमच्यात मुलींच्या हाती भोपळ्यावरची नक्षीच देतात.
पण कान कोण झाकणार?"

पेन्सिल टेबलावर टकटकली.
आणि कुणीतरी विचारलं,
लग्नाचं काय ठरलंय?
आवाज माझा होता.

बस चुकलेल्या बाईकडे पाहावं
तसं पाहिलं तिनं माझ्याकडे.
"ठरलं की कळवते," म्हणाली.
ओढणी सावरली, फाइल उचलली, गेली.

पुढचा आदेश, विट्याचा.
कोडिंग बरं, बोलणं झकास.
त्यालाही विचारलं मी:
लग्नानंतर नोकरी सोडणार का?
आणि मूल झाल्यावर?
तो हसला. सर हसले.
मी हसेना, तेव्हा त्यानं पाणी मागितलं.

त्याचाही चौथा रकाना भरला. पेनानं.
"अहो, हे काय नवीन?" सर म्हणाले,
आणि एसीचा रिमोट शोधू लागले.
खाली हमाल पोती उतरवत होते,
प्रत्येक धप्पबरोबर खिडकी जरा पिवळी होत होती.

एकोणचाळिसावी ओळ मी संध्याकाळीच दुरुस्त केली.
वर टीप लिहिली:
चूक सापडली, नाझनीन मुजावर, मिरज.

यादी सोमवारी लागेल.