हळवे, हळवे

बत्तीस रात्री लागल्या जहाज बांधायला.
लांबी चारशे मीटर. नाव 'घूस',
कारण पुढून ते तसंच दिसतं.
पुढे जायला अठरा इंजिनं.
थांबायला दोन.
हे मला धक्क्यापाशी पोचल्यावर कळलं.

पहिल्यांदा धक्काच गेला.
दुसऱ्यांदा घुशीचं नाक आणि निम्मं कोठार.
तिसऱ्यांदा ब्रेक इतका आधी दाबला
की घूस तीनशे मीटर अलीकडेच उभी,
पंगतीत कुणी बस म्हणेना अशा पाहुण्यासारखी.

रात्रीचा दीड. तरसालीतली कुत्रीसुद्धा दमलेली.
बाबा पाणी प्यायला उठले ते माझ्या खुर्चीमागे थांबले.
मोतीबिंदू काढलेला उजवा डोळा पडद्याजवळ आणून म्हणाले,
"चाकं किती?"
बाबा, चाकं नाहीत. अवकाशात आहे ते.
जरा वेळ गप्प. मग, "वजन?"
वजन तसं नाही. पण वस्तुमान आहे, म्हणजे
एकदा निघालं की
"म्हणजे आहे."

एकतीस वर्षं बाबांनी मकरपुऱ्यातून ट्रान्सफॉर्मर बाहेर काढले.
गाडी इस्माईलभाई चालवायचे. बाबा चालायचे.
शहाण्णव चाकांच्या पुढे, तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे,
हातात बांबू, विजेच्या तारा उचलून धरायला.
जांबुव्याच्या पुलापर्यंत उलटे.
ज्या दिशेला गेले ती कधी पाहिली नाही,
पाहिलं ते फक्त अंगावर येणारं.

"तोंड फिरव," म्हणाले. "मोठी गाडी उलटीच लावायची.
निघताना सरळ निघते."
फिरवलं.
आता पुढे नेणारी अठरा इंजिनं
धक्क्याकडे तोंड करून
थांबवायला तयार.
बत्तीस रात्रींत मला हे सुचलं नव्हतं.

"नाकाकडे बघू नकोस, हर्षे. नाक येतं आपोआप. शेपूट बघ."
आणि तळहात माझ्या टेबलाच्या कडेवर मारला
जसा ट्रेलरच्या पत्र्यावर मारायचे.
दोन थापा, ये. एक थाप, थांब.

थाप थाप.
आवा दे.
थाप थाप.
आवा दे, आवा दे. हळवे... हळवे...

ही इस्माईलभाईंची गुजराती,
आमच्या घरात भाडं न देता राहते.
लहानपणी मला वाटायचं, बाबा गाडीला सांगतायत
की जरा हळवी हो.
भिंतीला लागेल, लारीला लागेल,
फुटपाथवर झोपलेल्याच्या पायाला लागेल,
तर हळवी हो.
त्याचा अर्थ नुसता 'हळू' हे सातवीत कळलं
आणि पटलं नाही.

पिवळा दिवा.
घूस अर्धा अंश वाकडी.
बाबांचा हात हवेत. थाप नाही.
मीही बोटं उचलली.
एवढं लोखंड आपलं आपण सरकत राहिलं,
अंधारात पायानं पलंगाची कड शोधावी तसं.
हिरवा.
एक थाप.

"इंजिन बंद कर आधी."
नसतं केलं तर धक्का आणि जहाज एक होऊन
भोवऱ्यासारखे फिरले असते.
हे त्यांना कुणी सांगितलं?

"हातब्रेक?"
लावला.
"चाकाला दगड?"
बाबा, चाकं नाहीत म्हटलं ना. आणि उतारही नाही तिथे.
वर-खाली असलंच काही नाही.
"उतार दिसत नाही," ते म्हणाले. "असतो."
आणि दारापर्यंत चार पावलं उलटेच गेले,
पडद्यावर नजर ठेवून,
सवयीनं माझ्या खोलीतला दिवा मालवून.

पाण्याचा पेला माझ्या टेबलावरच राहिला, अर्धा.
मी यादीतून दोन दगड काढले,
सगळ्यात स्वस्तातले, करडे,
आणि घुशीच्या मागे ठेवून दिले.