दुसऱ्यांदा मीठ

थेसालोनिकीच्या बंदरात, जुन्या गोदामाचं केलेलं थिएटर.
शेवटच्या रांगेमागे माझं टेबल, कापडानं झाकलेला दिवा
आणि एक बटण.
पडद्यावरची बाई बोलली की मी बटण दाबते,
खाली ग्रीक ओळ उमटते.
दहा दिवस हेच, दिवसाला चार सिनेमे, सगळे बायकांनी केलेले.
सकाळी पेरूतली खाणकामगारीण माझ्या बोटानं संपावर गेली,
दुपारी ट्युनिसमधल्या दोघी बहिणींचं घरावरून फाटलं.
थोरलीची शिवी मी अर्धा सेकंद लवकर सोडली,
लोक आधी हसले, ती मागून चिडली.

संध्याकाळचा किरगिझ.
त्यात अकरा मिनिटं कुणी बोलतच नाही.
म्हातारी कणीक मळते. खिडकीबाहेर घोडा. बास.
माझं बोट बटणावर
पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून स्तामातियाबाई,
तंबाखूच्या कारखान्यात चाळीस वर्षं, आता सवलतीचा पास,
रुमालात भाजलेले चणे:
"अगं, मीठ घातलंस की मघाशी!"
कुणीतरी शुक् केलं.
मी पडद्याकडे पाहिलं. खरंच की.
ओळी जुळवताना सहा वेळा पाहिला होता मी हा सिनेमा,
पण ओळी नसायच्या तिथे
चहा ओतून घ्यायचे.

नंतर चर्चा. एकानं पहाडातल्या एकाकीपणाविषयी विचारलं,
दुसऱ्यानं सोव्हिएत काळाविषयी; त्याचा प्रश्न संपेचना.
मग स्तामातियाबाईंनी माईक धरला, उलटा:
"पोरी, तिनं मीठ दोनदा का घातलं?"

दिग्दर्शिका बुरुल दुभाष्याकडे बघत राहिली.
प्रश्न पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाली,
ते लिहिलेलं नव्हतं.
ती माझी आई. त्याच आठवड्यात
तिचं विसरणं सुरू झालं होतं, आम्हाला पत्ता नव्हता.
एडिटिंगच्या टेबलावर कळलं.
तीन टेक होते.
बाकीचे दोन बरोबर होते.

जरा वेळ टाळ्या वाजल्या नाहीत.
"आणि ती रोटी?" बाईंनी विचारलं.
"खाल्ली सगळ्यांनी. कॅमेऱ्यावरच्या मुलानं तर आणखी मागितली."

बाहेर धक्क्यावर बोचरा वारा.
स्तामातियाबाई एसीला, खुर्च्यांना, चहाच्या भावाला नावं ठेवत
कोटाची बटणं लावत होत्या.
उद्याच्या पत्रिकेवर बोट टेकवून म्हणाल्या, यात काय आहे गं?
आइसलंडची एक सर्जन, मी सांगितलं, फार बोलते.
"मग तू असशील कामात," म्हणाल्या,
"मीच बघेन नीट,"
आणि उरलेले चणे माझ्या खिशात ओतले.