उघाडी

घरी येऊन सहा दिवस झाले तेव्हा
वहिनीने विचारलं, चहा घेशील की सरबत?
आणि मी उंबऱ्यातच उभी राहिले,
कुणीतरी उत्तर सांगून पाठवेल म्हणून.
चहावर साय धरली. सरबतात मुंगी पडली.
वहिनीने मुंगी काढली
आणि दोन्ही तिनेच पिऊन टाकलं.

नऊ वर्षं माझं नाव विनीता होतं.
तात म्हणायचे, शंका म्हणजे खारं पाणी.
बांधाला कुर्लीने एक बीळ पाडलं
की अख्खं शेत नासतं.
मी वेलदूरची, खाडीकाठची.
मला हे पटायला वेळ लागला नाही.
पहाटे साडेतीनला, घंटेच्याही आधी उठून
मीच माझा बांध लिंपत बसायचे.
आधी मासळी सुटली.
मग आईचे फोन, आधी स्पीकरवर,
मग महिन्याने, मग
"ती माणसं तुला खाली ओढतात."
आबा गेले ते चौदा दिवसांनी कळलं
आणि मी म्हटलं, कृपा.
कुणी दरडावलं नव्हतं. मीच म्हटलं.
हे जनूदादाला अजून सांगितलेलं नाही.

लोक विचारतात, तुला कळलं कसं?
त्यांना मारहाण हवी असते, निदान पैशांची भानगड.
नाही हो.
शनिवारी मनवही द्यायची असायची,
आठवड्याचे दोष लिहून.
त्या आठवड्यात मी तापाने पडून होते.
दोष सापडेना. मग एक रचला:
मंजुळाच्या नव्या साडीचा हेवा वाटला.
रविवारी दोनशे माणसांसमोर तात म्हणाले,
बघा, विनीता किती खरी आहे.
मंजुळा रडली. तिने मला क्षमा केली.
साडी जुनीच होती.

तेवढंच. जिभेवर मिठाचा एक खडा.
तो विरघळायला आणि मला फाटकाबाहेर यायला
पुढे चौदा महिने लागले.

आश्विनात जनूदादा मला खाजणावर घेऊन गेला.
भात निसवलं होतं.
बांधाच्या पोटात उघाडी, लाकडी फळी
वरच्या कडीला टांगलेली.
ओहोटी लागली की शेतातलं पाणी
आपल्याच भाराने ती ढकलून बाहेर जातं;
भरती आली की समुद्रच ती दाबून बंद करतो.
राखण कुणाचीच नाही.
लहानपणी याच फळीवर बसून मी गरी टाकायचे
आणि नऊ वर्षांत एकदाही
मला ती आठवली नव्हती.
"ही नसती तर?" मी विचारलं.
दादा विडी शिलगावत म्हणाला,
"तर शेत कुजलं असतं.
खाऱ्याने नाही गो, गोड्याने.
आतलंच पाणी आत साचून."

मी हसले. मग बराच वेळ हसू थांबेना,
तो घाबरला.

साडेतीनची जाग अजून येते.
अंधारात दोनशे गळे एका सुरात लागायचे,
त्यात माझा कुठला ते मलाही कळायचं नाही.
ते आठवतं. खोटं कशाला सांगू,
ते हवंसं वाटतं.
बंदरावर कुणी "उल्का!" म्हणून हाक मारली
तर दुसऱ्या हाकेला मान वळते.

काल मंजुळाचा फोन आला.
स्पीकर लावलेला. तो पोकळ आवाज
मला झोपेतही ओळखू येईल.
आम्ही सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करतो, ती म्हणाली,
पाढे म्हटल्यासारखी.
वाद घालायचा नाही, ठरवलंच होतं.
मी म्हटलं, "मंजुळा, तुझी साडी जुनी होती.
हेवा वगैरे काही नव्हता. मी वहीत खोटं लिहिलं."

पलीकडे पंखा फिरत होता.
मग कुणीतरी श्वास घेतला,
तिने की स्पीकरजवळच्या दुसऱ्या कुणी,
आणि फोन बंद झाला.

वहिनी आतून ओरडली,
बांगडे तळू की कालवण करू?
तळ, मी म्हटलं.
मग म्हटलं, नको, थांब.
कालवण.